गोदूची पंधरा वर्षे

रेल्वेच्या लेखा विभागात मी छत्तीस वर्षे काढली, आणि त्यातली शेवटची अकरा लोकांचे पगार ठरवण्यात. पगार देणारा मी नव्हे. कोणाला बढती मिळाली, श्रेणी बदलली, वेतन आयोग आला, की अमक्याचा नवा पगार किती बसतो ते नियमाचे पुस्तक उघडून काढायचे, एवढेच माझे काम. आमच्या भाषेत पे फिक्सेशन. या कामामुळे निवृत्तीनंतरही रायपुरच्या तात्यापाऱ्यात, आमच्या मराठी वस्तीत, मला थोडी किंमत आहे. कोणाला फ्लॅट घ्यायचा असो की एफडी मोडायची असो, माणूस कागद घेऊन माझ्याकडे येतो. नानांनी हिशेब काढला म्हटले की घरातला वाद मिटतो. माझी बायको इरावती म्हणते, कोणी हिशेब विचारला की तुमच्या अंगावर मूठभर मांस चढते. चढते, खोटे कशाला बोलू?

गोदूही अशीच कागद घेऊन आली होती.

गोदू म्हणजे गोदावरी, यशवंतरावांची मुलगी. यशवंतराव मूळचे वर्ध्याकडचे, रेल्वेत फिटर. क्वार्टरमध्ये त्यांची आणि आमची भिंत एकच होती. निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर बाकीच्यांनी तीर्थयात्रा केल्या, या गृहस्थाने तेलीबांध्याला, तलाव ओलांडून नव्या रायपुरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एक लोखंडी गुमटी, म्हणजे टपरी, टाकली आणि स्कूटर दुरुस्तीचे काम सुरू केले. गोदू त्याच सुमारास दीड वर्षाच्या स्वरदाला कडेवर घेऊन माहेरी परत आली. नवऱ्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि मीही विचारले नाही. रोज दुपारी ती बापाचा डबा घेऊन गुमटीवर जायची. डबा देऊन परत यायचे ते हळूहळू राहून गेले आणि तिच्याच हातात पाना आला. पाच वर्षांनी यशवंतराव गेले. तेराव्यानंतर चौदाव्या दिवशी गुमटी उघडली होती.

तिची कामाची रीत मी कितीदा उभा राहून पाहिली आहे. लांब पेचकसाचे, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचे, टोक चालू इंजिनवर टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग ती नेमके सांगायची, व्हॉल्व्ह बोलतो आहे की बेअरिंग. नव्या रायपुरला कार्यालयात जाणाऱ्या बायका सकाळी तिच्याकडे स्कूटर टाकून बस पकडत आणि संध्याकाळी घेऊन जात. तिकडे जाणाऱ्या बस मोजक्याच, म्हणून गुमटीच्या दाराच्या आतल्या बाजूला तिने खडूने बसच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या. जुनाच भाग साफ करून बसवला असेल तर ती तसे सांगायची, नव्याचे पैसे लावायची नाही. तोंडाने मात्र फटकळ. ऑइल न बदलता दोन वर्षे गाडी चालवणाऱ्या एका साहेबांना तिने, तुम्ही आंघोळ तरी करता का, असे विचारले होते. ते साहेब पुढची नऊ वर्षे तिच्याकडेच येत राहिले.

महिन्याला तिला एकवीस हजार सुटायचे. मग त्याच बायका एकेक करून बॅटरीच्या स्कूटर घेऊ लागल्या. पहिली अशी गाडी गुमटीवर आली तेव्हा गोदूने सवयीने पेचकस टेकवला, कान लावला, आणि काहीच ऐकू आले नाही. हे तिने आम्हाला हसत हसत सांगितले. दोन वर्षांत एकवीसचे सोळा हजार झाले, तेव्हा हसणे थांबले.

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी ती आली तेव्हा तिच्या हातात दोन गोष्टी होत्या. एक रंगीत पत्रक होते. नव्या रायपुरातल्या एका खासगी संस्थेचा नऊ महिन्यांचा प्रमाणपत्र कोर्स, बॅटरीच्या आणि नव्या इंजिनांच्या दुचाकी दुरुस्तीचा. फी एक लाख पस्तीस हजार. कर्ज तिथेच मिळेल, हप्ते कोर्स संपल्यावर सुरू. दुसरी गोष्ट म्हणजे एका चिठ्ठीवर लिहिलेला मोबाइल नंबर. उरल्याला, कारखान्यांच्या भागात, सचिन नावाचा एक मिस्त्री कामगारांची ने-आण करणाऱ्या ई-रिक्शा दुरुस्त करायचा. तो दर रविवारी शिकवायला तयार होता. पाच हजार त्याचे आणि अठरा हजारांचे एक जुने तपासणी यंत्र. गुमटी बंद करायची गरज नव्हती.

दोन्हीतले कोणते करू, असे तिने विचारले. चिठ्ठी मी वाचलीसुद्धा नाही नीट. त्या सचिनने शिकवले तरी कागद कोण देणार, असे मी म्हणालो. आमच्या लोकांना कागदाचे भारी वेड. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही या गावात कागदावर जगलो, सनदेवर, नेमणूकपत्रावर, पेन्शनच्या आदेशावर. हाताला काळे लागलेल्या मुलीला एकदाचा कागद मिळावा, याचाच मला त्या दिवशी आनंद झाला होता.

मी कोरा कागद घेतला, मधोमध रेघ मारली. डावीकडे खर्च लिहिला. चार हजार आठशे एक्क्याऐंशीचा हप्ता, छत्तीस महिने, म्हणजे व्याजासकट एक लाख पंचाहत्तर हजार सातशे सोळा. नऊ महिने गुमटी बंद, सोळा हजारांच्या दराने एक लाख चव्वेचाळीस हजार. एकूण तीन लाख एकोणीस हजार सातशे सोळा. उजवीकडे कमाई. पत्रकात लिहिले होते की नवख्याला बारा हजार आणि अनुभवी माणसाला बावीस ते सव्वीस. गोदूचा अनुभव पंधरा वर्षांचा. तरी मी सव्वीस धरले नाहीत, बावीसच धरले, आणि हात राखून हिशेब करतो म्हणून स्वतःवरच खूश झालो. बावीसमधून सोळा गेले, महिन्याला सहा हजार जास्त. सगळा खर्च चौपन्न महिन्यांत भरून निघतो.

"साडेचार वर्षं," मी म्हणालो. "त्यानंतर सगळं तुझं."

गोदूने उजव्या बाजूच्या बावीसवर बोट ठेवले. मग म्हणाली, "नाना, मायी पंधरा वर्षं कोणत्या कागदावर आहेत पण? गुमटीवर तर कोणी हजेरी घेत नव्हतं."

हा तिचा प्रश्न मी आजवर विसरलो नाही. माझ्या सगळ्या नोकरीत एवढा नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आणि मी काय केले, तर हसलो. अगं, अनुभव हा अनुभव असतो, हातात पाना दिला की दिसतोच, असे म्हणालो. गुमटीचे काय करू म्हणाली, तर तिथे ओळखीतल्या विकी नावाच्या पोराला बसव, तीन हजार भाडे घे, आपली गुमटी कुठे पळून जाते, असेही मीच सांगितले. तिने कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि चिठ्ठी आमच्या टेबलावरच राहिली. इरावतीने ती दोन दिवसांनी केरात टाकली.

नऊ महिने गोदूने कसे काढले ते तिलाच ठाऊक. साठवलेले सत्तर हजार होते, विकीचे भाडे होते, आणि रविवारी ती आपल्या भाड्याच्या खोलीसमोरच्या जागेत ओळखीच्यांच्या गाड्या करायची. कोर्सला तिच्या वर्गात बाकी सगळे विशीतले. शिकवणारा त्यांच्याहून थोडाच मोठा. संस्थेत बॅटरीची स्कूटर एकच होती आणि तिची बॅटरी उघडायची नाही अशी सक्त ताकीद होती, वॉरंटी जाईल म्हणून. त्यामुळे बॅटरी त्यांनी फळ्यावर उघडली. जुन्या इंजिनाचा तास आला की सर हळूच गोदूलाच पुढे बोलवायचे. ती शिकवायची आणि तिचीच फी चालू होती. हे तिने सांगितले तेव्हा मी खूप हसलो. बघ, तिथेही तुझा अनुभव धरतात, असे म्हणालो. आता आठवले की माझाच मला राग येतो.

ती पहिल्या वर्गात पास झाली. प्रमाणपत्र घेऊन आधी आमच्याकडे आली, पेढे आणले. मी ते प्रमाणपत्र उजेडात धरून वाचले, शिक्का पाहिला, सही पाहिली. स्वतःच्या मुलाच्या पदवीच्या वेळी मला एवढे वाटले नसेल.

मुलाखत एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला होती. तिथल्या शर्मिष्ठा मॅडम चांगल्या बोलल्या, पाणी दिले, बसा म्हणाल्या. अनुभव किती, असे विचारल्यावर गोदूने पंधरा वर्षे सांगितले. त्यावर मॅडमनी प्रमाणपत्राची तारीख पाहिली.

"दीदी, सर्टिफिकेट तो पिछले महीने का है," त्या म्हणाल्या. "एक्सपीरियन्स हम सर्टिफिकेट के बाद से गिनते हैं. आप फ्रेशर हो."

गोदूने गुमटीचे सांगितले, गिऱ्हाइकांचे फोन नंबर देते म्हणाली, हवी ती गाडी समोर आणा म्हणाली. मॅडमना वाईट वाटले असावे, पण त्यांच्या संगणकात त्याला रकाना नव्हता. पगार बारा हजार. भविष्य निर्वाह निधी कापून हातात दहा हजार पाचशे साठ. त्यातून हप्ता जातो, खोलीचे साडेतीन हजार जातात, आणि उरलेल्या दोन हजार एकशे एकोणऐंशी रुपयांत दोघी मायलेकींनी महिना काढायचा. हा हिशेब मला कोणी करायला सांगितला नव्हता. मी एकटाच बसून केला.

गोदूने आधी नोकरी नाकारली. नको मले तुमचा पगार, मायी गुमटी आहे, असे बोलून ती तेलीबांध्याला गेली. तिथे विकी मोबाइलची कव्हरे आणि चार्जर विकत होता. दारामागच्या बसच्या वेळांवर त्याने रंग मारला होता. मधल्या काळात महापालिकेची रस्त्याकडेच्या विक्रेत्यांची पाहणी झाली होती आणि गुमटीत जो बसलेला दिसला त्याचे नाव यादीत चढले होते. विकीला ओळखपत्र मिळाले होते, म्हणजे जागा आता त्याची. तो वाईट पोरगा नाही. दीदी, मला काय माहीत, त्यांनी फोटो काढला, मी उभा राहिलो, असे तो म्हणाला, आणि गोदूसाठी चहा मागवला. भाडे मात्र आता कशाचे, हे त्याने विचारले नाही, तिनेही विचारले नाही. गुमटी यशवंतरावांची होती हेही कुठल्या कागदावर नव्हतेच. ती दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला गेली आणि फ्रेशर म्हणून सही केली. बाहेर कुठेही गाड्या दुरुस्त करणार नाही, हेही त्याच कागदावर होते. रविवारचे काम सुटले.

स्वरदा बारावीला आहे. ती आता शाळेनंतर मिठाईच्या दुकानात डबे बांधायला बसते. पूर्वी ती मला वाकून नमस्कार करायची. हल्ली नुसते "नमस्ते नाना" म्हणते आणि मोबाइलमध्ये बघते. मला त्या पोरीचा राग येत नाही.

मी सर्व्हिस सेंटरला एकदा मुद्दाम गेलो. माझ्या जुन्या स्कूटरचा खडखड आवाज येत होता, निमित्त मिळाले. गोदू गाड्या धुण्याच्या जागी होती. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात पाण्याचा पाइप, खिशावर ट्रेनी असे लिहिलेली पट्टी. नव्या माणसाने सहा महिने गाड्याच धुवायच्या असा तिथला नियम. सुपरवायझरने माझी गाडी चालू केली, चार सेकंद ऐकली आणि क्लच बदलावा लागेल म्हणाला, दोन हजार तीनशे. पंधरा हातांवरून गोदूने माझ्याकडे पाहिले आणि मान अगदी जराशी, नाही म्हणून हलवली. पाइपच्या आवाजातही तिला ऐकू आले होते. मला ते कळले, आणि मी दोन हजार तीनशे भरले. नको म्हटले असते तर तुम्हाला कोणी सांगितले, हे त्यांनी विचारले असते.

आवाज अर्थातच गेला नाही. पुढच्या रविवारी गोदू घरी आली, फाटक आतून लावून घेतले, आणि पेचकस टेकवून डोळे मिटले. इंजिनाच्या पंख्याच्या झाकणाचा एक बोल्ट ढिला होता. दहा नंबरच्या पान्याने दोन वेढे दिले आणि खडखड बंद झाली. मी पैसे पुढे केले तर तिने माझा हात मागे सारला. मग हात धुऊन, पदराला पुसून ती आत येऊन बसली, आणि प्रमाणपत्राच्या प्लास्टिकच्या फाइलीतून तिने माझा तो कागद काढला. मधोमध रेघ असलेला. घड्यांवर तो फाटायला आला होता.

"नाना, मी हा रोज पाहते," ती म्हणाली. "यात चूक कुठं झाली ते मले दाखवा. भांडाले नाही आली मी. समजून घ्याचं आहे फक्त."

चूक कुठे झाली ते मला मुलाखतीच्या दिवशीच कळले होते. रेल्वेत माणूस नव्या पदावर गेला की त्याची जुनी सेवा धरतात, जुना पगार राखतात आणि वर एक वाढ देतात. हा नियम मी अकरा वर्षे हजारो माणसांना लावला, आणि त्याच हाताने गोदूलाही लावला. त्या संस्थेला किंवा सर्व्हिस सेंटरला एक फोन करून, हिची पंधरा वर्षे तुम्ही धराल का, एवढे विचारायचे होते. मला ते सुचलेसुद्धा नाही, कारण न धरणारे कार्यालय असते हेच मला माहीत नव्हते. तिला माहीत होते. तिने विचारले होते आणि मी हसलो होतो. हे सगळे माझ्या जिभेवर आले. दारात इरावती उभी होती, तीही माझ्याकडे पाहत होती.

"बेरीज बरोबर आहे," मी म्हणालो.

गोदूने मान हलवली. "हव. मग मीच कमी पडली असीन मुलाखतीत. त्या मॅडमनं थोडं इंग्रजीत विचारलं होतं, तवा मी अडखळली." तिचा चेहरा उलट मोकळा झाला, आणि ते पाहून मला स्वतःची किळस आली. तरी मी कागदाची घडी घालून तो तिला परत दिला. इरावती आत निघून गेली.

मग गोदूने फाइलीतून दुसरे रंगीत पत्रक काढले. त्याच संस्थेचा पुढचा कोर्स, सहा महिने, संध्याकाळचा. फी बावन्न हजार. तो केला की ट्रेनीची पट्टी निघते, टेक्निशियन म्हणून घेतात. या वेळी मी विचारून आली, असे ती म्हणाली. पगार किती देणार ते तिने शर्मिष्ठा मॅडमकडून लिहूनच आणले होते. फॉर्म सोमवारी भरायचा होता. नाना, तुमचा हिशेब चुकत नाही, हाही काढून द्या.

मी कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे जुना हप्ता, नवा अठराशे ऐंशीचा हप्ता. दोन्ही कर्जे धरून दोन लाख त्रेचाळीस हजार तीनशे शहाण्णव. उजवीकडे पगार लिहायला तिची चिठ्ठी उलगडली. सोळा हजार. मी पेन तसेच धरून थांबलो. गोदू वाकून पाहत होती, तिच्याही लक्षात आले.

"सोळा," ती म्हणाली. "गुमटीवर सोळाच सुटत होते मले."

मी हो म्हणालो.

"म्हणजे एवढं सगळं भरून मी जिथं होती तिथं परत येईन."

दोन शब्दांत सांगता आले असते तिला, नको करू म्हणून. पण नको करू म्हटले तर दुसरे काय कर, हे माझ्याजवळ नव्हते. सचिनचा नंबर केरात गेला होता, गुमटीत विकी बसला होता, आणि तिच्या पंधरा वर्षांचा साक्षीदार म्हणून मी एकटा उरलो होतो, खोटे बोललेला. मी पुन्हा हो म्हणालो.

"तेवढं झालं तरी लय झालं, नाना," गोदू म्हणाली. तिने दोन्ही कागद एकावर एक ठेवून फाइलीत घातले, वाकून माझ्या पायांना हात लावला आणि सकाळच्या शिफ्टचे बूट वाळत घालायचे आहेत म्हणून निघाली. जाताना फाटकाची कडी बाहेरून तिनेच लावली.